बडोद्याहून जर्मनीला: आधी कुत्र्याची तारीख, मग सामानाचा ट्रक

कारेलीबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमानांना फ्रँकफर्टजवळ नोकरी लागली आहे, रुजू व्हायला तीन महिने आहेत. घरात सहा वर्षांचा गावठी कुत्रा, लसी वेळच्या वेळी झालेल्या. शिवाय सासूबाईंचा संखेड्याचा झोपाळा, तानपुरा, पितळेची मोठी भांडी, आजेसासऱ्यांच्या पोथ्या. सामानाला खर्च किती, पॅकर्सवाला कसा निवडायचा, आणि कुत्र्याचं तिकीट कधी काढायचं, असं त्यांनी विचारलंय. जाता जाता सासूबाईंच्या पोपटाचंही विचारलंय.

ताई, तुमचा प्रश्न सामानापासून सुरू होतो आणि कुत्रा शेवटी येतो. बडोद्यातून परदेशी जाणारी बहुतेक कुटुंबं याच क्रमानं माझ्याकडे येतात, आणि तिथंच गाडं अडतं. सामान आज पाठवा, दोन महिन्यांनी पाठवा, पैसे मोजले की जातं. कुत्र्याला मात्र कायद्यानं ठरवलेले दिवस मोजावे लागतात, आणि ते कुणालाही पैसे देऊन कमी होत नाहीत.

रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघ भारताला भरवशाच्या देशांत धरत नाही. त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्या-मांजराला आधी पंधरा आकडी आयएसओ मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताची टायटर चाचणी (लसीमुळे आलेली प्रतिकारशक्ती मोजणारी), आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून पुढे पूर्ण तीन महिने थांबणं, असा क्रम लागतो. चाचणी संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते आणि निकाल 0.5 आययू प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त यावा लागतो. तीन महिने रिपोर्ट हातात आल्यापासून मोजतात, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही, रक्त काढलं तो दिवस धरतात. तेवढाच दिलासा.

आता तुमचं पुस्तक उघडा. कुत्र्याचं लसीचं पुस्तक म्हणतोय मी. 'लसी वेळच्या वेळी झाल्या' हे तुम्ही लिहिलंत, पण चिपचा उल्लेख कुठंच नाही. चिप नसेल, तर आजवरच्या सगळ्या रेबीजच्या लसी त्या कामापुरत्या शून्य. चिप बसण्याआधी टोचलेली लस मोजत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली हे कागदावर सिद्ध होत नाही. मग चिप बसवून नव्यानं लस घ्यायची. दोन्ही एकाच दिवशी चालतं, फक्त आधी चिप, मग सुई. डॉक्टरांकडून चिपचा स्टिकर, लसीच्या बाटलीचा स्टिकर, बॅच नंबर, लस कधीपर्यंत वैध आहे ती तारीख, सही, शिक्का आणि त्यांचा नोंदणी क्रमांक, हे सगळं तिथल्या तिथं लिहून घ्या. 'नंतर या, करून देतो' हे ऐकून घेऊ नका. रक्त काढण्याआधी स्कॅनर फिरवून चिपचा नंबर वाचायला लावा आणि तोच नंबर नमुन्याच्या फॉर्मवर चढला का ते स्वतः बघा. पंधरापैकी एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर तीन महिने पुन्हा पहिल्यापासून.

हिशेब मांडा: आज चिप आणि लस, महिन्यानं रक्त, त्यापुढे तीन महिने. चार महिने तर झालेच, वर नमुना पाठवायला आणि तारखा जुळवायला थोडे दिवस. म्हणजे यजमानांच्या रुजू होण्याच्या तारखेला कुत्रा जाऊ शकत नाही. चिप आधीच असेल आणि त्यानंतर लस एकदाही चुकली नसेल, तरच रक्त याच आठवड्यात काढून तुम्ही जेमतेम वेळेत बसाल.

मग करायचं काय? 'आम्ही पुढे जातो, कुत्रा मागून कार्गोनं येईल' हे सगळ्यात सोपं वाटतं आणि तेच सगळ्यात अडचणीचं ठरतं. पाळीव जनावर म्हणून नेण्याची सवलत हवी असेल, तर जनावराचा आणि मालकाचा प्रवास एकमेकांपासून पाच दिवसांच्या आत व्हावा लागतो. मालकानं लेखी अधिकार दिलेल्या माणसाबरोबरही जनावर जाऊ शकतं, पण पाच दिवसांची अट तिथंही सुटत नाही. ती मोडली की तुमचा मोती व्यापारी माल ठरतो आणि त्याचे नियम बरेच कडक आहेत. म्हणून माझा सल्ला असा: यजमानांनी पुढे जावं, घर बघावं. तुम्ही कुत्र्याबरोबर मागे थांबा, आणि चिपच्या नोंदणीपासून प्रत्येक कागदावर मालक म्हणून तुमचंच नाव घाला. नाव यजमानांचं आणि विमानात तुम्ही, असं झालं की विमानतळावर अधिकारपत्र शोधत बसावं लागतं.

टायटर एकदा आला की पुन्हा काढावा लागत नाही, मात्र रेबीजची लस मुदतीच्या आत घेत राहायची. एक दिवस उशीर झाला तरी साखळी तुटते. तुमच्या कुत्र्याची पुढची लस या चार महिन्यांत येते का, ते आत्ताच बघून ठेवा.

शेवटचे दहा दिवस धावपळीचे. आरोग्य प्रमाणपत्र प्रवेशाच्या आधी दहा दिवसांच्या आतलं लागतं आणि ते सरकारी अधिकाऱ्याचंच लागतं. आपल्यासाठी ते मुंबईचं पशु संगरोध व प्रमाणन सेवेचं केंद्र, सगळे एक्यूसीएस म्हणतात ते. अशी केंद्रं देशात मोजक्याच शहरांत आहेत, गुजरातेत नाही. फ्रँकफर्टला उतरताना प्रमाणपत्र इंग्रजी आणि जर्मन, दोन्ही भाषांत असलेलं बरं. केंद्र गुजरातेत नसल्यामुळे अहमदाबादहून तिकीट स्वस्त दिसलं तरी कुत्र्यासाठी मुंबईच धरा. दोन दिवस आधी गाडीनं निघा, रात्रीचं निघा, आणि शनिवार-रविवार, सुट्ट्या बघून तारीख ठरवा. दिवाळीच्या आठवड्यात हे काम अंगावर घेणाऱ्यांना मी हात जोडतो.

पिंजऱ्याचं आता. विमानकंपन्या आयाटाचे, म्हणजे त्यांच्या जागतिक संघटनेचे नियम लावतात: कुत्रा कान ताठ करून उभा राहिला तरी छताला लागू नये, सहज वळता यावं, पाय पसरून झोपता यावं. आपले गावठी कुत्रे लॅब्रॅडॉरपेक्षा हलके असतात, पण पाय लांब आणि कान उभे. वजनावरून पिंजरा घेतला की तो नेमका उंचीला कमी पडतो. टेप घेऊन जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत मोजा, मग दुकानात जा. वरचा-खालचा भाग प्लास्टिकच्या खटक्यांनी नव्हे, धातूच्या नट-बोल्टनी जोडलेला हवा, चारही बाजूंनी हवा खेळायला हवी, पाण्याचं भांडं दाराला आतून अडकवलेलं आणि बाहेरून भरता येणारं हवं. पिंजरा आजच आणा आणि दार काढून हॉलमध्ये ठेवून द्या. जेवण त्यातच द्यायला लागा. चार महिन्यांत तो त्यात आपणहून झोपायला लागेल, आणि मग विमानातले दहा तास त्याला जड जाणार नाहीत. झोपेची गोळी मात्र देऊ नका. उंचीवर रक्तदाब आणि श्वास बिघडतो, आणि गुंगीतलं जनावर दिसलं तर कंपनी चढवूच देत नाही. पग, बुलडॉग, बॉक्सर, पर्शियन मांजर अशा बसक्या नाकाच्या जनावरांना बऱ्याच कंपन्या उन्हाळ्यात घेत नाहीत. तुमचं नाक लांब आहे, म्हणजे कुत्र्याचं. तो त्रास नाही.

तिथं पोचल्यावर नगरपालिकेत कुत्र्याची नोंद करून कुत्राकर भरावा लागतो, आणि घरमालकाची परवानगी भाडेकरारात लिहून घेतलेली बरी. कुणी पिटबुल किंवा बुल टेरिअर घेऊन निघालं असेल, तर जर्मनीत त्या जाती आणायलाच बंदी आहे.

शेजारपाजारचे इतर देशांना जाणारेही हे वाचतील म्हणून थोडक्यात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतातून कुत्रा थेट घेतच नाहीत, मधे दुसऱ्या मान्य देशात त्याला महिनोन् महिने ठेवावं लागतं. ब्रिटनचे दिवस जवळपास जर्मनीसारखेच, वर पोहोचण्याआधी 24 ते 120 तासांत डॉक्टरांनी दिलेलं पट्टकृमीचं औषध लागतं आणि तिथं जनावर कार्गोनंच उतरतं. अमेरिकेनं 1 ऑगस्ट 2024 पासून नियम बदलले: कुत्रा सहा महिन्यांपेक्षा मोठा, चिप, सीडीसीचा (तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेचा) फॉर्म, आणि आपल्यासारख्या देशातून येताना ठरलेल्या विमानतळांवरच्या नोंदणीकृत केंद्रात आधी आरक्षण. कॅनडा त्यातल्या त्यात सोपा आहे, घरच्या कुत्र्याला लसीचा नीट कागद असला तर विलगवास नाही.

आता सामान. खर्च किती, याचं उत्तर कुणीही फोनवर देऊ नये आणि दिलंच तर तुम्ही धरून चालू नये. समुद्रमार्गे सामान वजनावर जात नाही, जागेवर जातं. हिशेब सीबीएमचा, म्हणजे घनमीटरचा. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल असं नेहमीचं लोखंडी कपाट पॅकिंग धरून जवळजवळ एक सीबीएम खातं. त्याच जागेत पुस्तकांचे, भांड्यांचे आणि साड्यांचे डझन-दीड डझन खोके मावतात. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 सीबीएम जागा असते, पण दोन खोल्यांच्या घराचं निवडून घेतलेलं सामान पाच-सात सीबीएमच्या वर जात नाही. ते इतरांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जातं. घर बघायला माणूस पाठवून, प्रत्येक खोलीत टेप लावून, सीबीएम लिहून देईल तोच पॅकर्सवाला. दारात ट्रक उभा राहिल्यावर आकडा वाढवणारे बडोद्यातही आहेत, मुंबईतही.

दरात काय काय धरलंय तेही लेखी घ्या. बऱ्याचदा दर फक्त हॅम्बुर्ग बंदरापर्यंतचा असतो. बंदराचे आकार, कस्टम्स, तिथून घरापर्यंतचा ट्रक आणि तिसऱ्या मजल्यावर चढवायची मजुरी मागाहून निघते. विम्याचंही तसंच: तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली काच फुटली तर विमा कंपनी सहसा देत नाही. म्हणून फुटणारं सगळं त्यांच्या माणसांकडून भरून घ्या आणि विम्याची किंमत जर्मनीत तीच वस्तू घ्यायला लागेल त्या भावानं लावा.

स्वयंपाकघराबद्दल लोक उगाच घाबरतात. जर्मनीत वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट 50 हर्ट्झ. मिक्सर, इडलीचं विजेचं भांडं, घरघंटी, सगळं चालतं, फक्त पिन बदलायची. (अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्यांनी मिक्सर इथंच कुणाला तरी देऊन टाकावा, तिथं 120 व्होल्ट.) ॲल्युमिनियमचा कुकर मात्र इंडक्शनवर तापणार नाही, स्टीलचा घ्या. आणि एक लक्षात असू द्या: तिथं भाड्याचं घर बरेचदा ओट्याशिवाय, सिंकशिवाय मिळतं. घर ठरल्याशिवाय स्वयंपाकघराची मापं धरून काही नेऊ नका.

करमाफीचे नियम साधे आहेत, पण तारखांना बांधलेले. युरोपीय संघाबाहेर किमान 12 महिने राहिलेल्या माणसाचं, किमान सहा महिने वापरलेलं घरचं सामान, तिथं राहायला गेल्यापासून 12 महिन्यांच्या आत आलं तर कर लागत नाही. त्यानंतर वर्षभर ते विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं नाही. त्यामुळे जायचं म्हणून मंगळ बाजारातून आणलेल्या नव्या कोऱ्या वस्तू या सवलतीत बसत नाहीत. जुनं न्या, नवं तिथं घ्या. तिथल्या कस्टम्सला राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा कागद लागतो, ते त्याला आनमेल्डुंग म्हणतात. पत्ता होण्याआधी कंटेनर बंदरात पोचला तर दिवसागणिक डेमरेज, म्हणजे बंदरात माल अडकून पडल्याचा आकार, चढतं. 2023च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि वेळ दहा-पंधरा दिवसांनी वाढला. ट्रक बोलवाल त्या आठवड्यात जहाज कोणत्या वाटेनं जातंय ते विचारा. तुमच्या बाबतीत यजमान पुढे जाणारच आहेत. त्यांना पत्ता मिळाला की इथून ट्रक निघू द्या, बंदर न्हावा शेवा असो की मुंद्रा.

पॅकिंग लिस्टमध्ये 'किरकोळ सामान' असा शब्द कुठंही नको. 'वापरलेल्या सुती साड्या 14', 'वापरलेले स्टीलचे डबे 22', असं. कस्टम्सवाल्याला खोका फोडावासा वाटतो तो मोघम लिहिण्यामुळे. कापूर, काड्यापेट्या, नेलपॉलिश, सेंट, फवाऱ्याचे डबे, इन्व्हर्टरची बॅटरी, हे जहाजात घालायचं नाही. देवपूजेच्या डब्यातला कापूर हमखास राहून जातो, तो डबा स्वतः तपासा.

झोपाळ्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बडोद्याच्या घरात भांडण होतं ते त्यावरच. आधी लाकूड कोणतं ते बघा. संखेड्याचं काम बहुतेक सागाचं असतं, मग प्रश्न मिटला, यादीत 'साग' असं स्पष्ट लिहा. शिसवी असेल तर ते लाकूड सीआयटीईएस या दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतं आणि कागद मागितले जातात. संखेड्याच्या लाखेचा मुलामा कंटेनरच्या उन्हात मऊ पडतो. त्यावर थेट बबलचा कागद गुंडाळला, की महिन्याभरानं सोडताना गोल गोल फोडांचा छाप कायमचा उठलेला असतो. आधी मऊ सुती धोतर किंवा जुनी नऊवारी, मग बटर पेपर, मग बबल. खांब आणि पाट सुटे करा, प्रत्येक जोडाला दोन्हीकडे एकच नंबर खडूनं घाला आणि मोबाइलवर फोटो काढा. पितळी कड्या वेगळ्या खोक्यात, एकेक कडी कागदात. लाकडी पेटी करून घेणार असाल तर तिच्या लाकडावर आयएसपीएम 15 चा शिक्का हवा. म्हणजे ते लाकूड 56 अंशांवर अर्धा तास तापवलेलं असतं, किडा मारण्यासाठी. वाडीतल्या सुताराकडून बिनशिक्क्याची पेटी करून घेतलीत तर ती हॅम्बुर्गला अडते. आणि टांगणार कुठं, हेही विचारा. भाड्याच्या घरात छताला भोकं पाडायला घरमालक सहजी हो म्हणत नाही. खांबांवर उभा राहणारा झोपाळा असेल तर न्या, छताच्या हुकांना टांगायचा असेल तर सासूबाईंकडेच राहू द्या.

तानपुऱ्याच्या तारा सैल करा, पण पूर्ण काढू नका. भोपळ्याला बाहेरून फोम आणि कडक केस, खाली 'उलटं ठेवू नये' असं लिहिलं तरी हमाल ते वाचत नाहीत, म्हणून पेटीच अशी करा की ती आडवीच बसेल. महत्त्वाचं म्हणजे घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, बघा. काही जुन्या वाद्यांना सांबरशिंगाची घोडी असते. वन्यजीव कायद्यामुळे ती देशाबाहेर नेता येत नाही. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून फायबरची किंवा लाकडी घोडी बसवून, जवारी काढून (म्हणजे सूर गुंजेल अशी ती घासून घेऊन), त्याची पावती बरोबर ठेवा. मोराची पिसंही न्यायची नाहीत, देवघरातली सुद्धा.

भांडी आणि पोथ्या. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना ती मर्यादा 75 वर्षांची. घंगाळ शंभरीच्या आतलं असलं तरी दिसायला जुनं असतं, आणि कस्टम्सला शंका आली की सगळंच थांबतं. त्यासाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घेता येतं, त्यांचं मंडळ कार्यालय बडोद्यातच आहे. वस्तूचे चारही बाजूंनी फोटो आणि मापं लागतात. आपल्या जुन्या वाड्यांत रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वतीही असतात, त्यांनाही हाच नियम. हाती लिहिलेल्या पोथ्या न्यायचा विचार सोडा. त्यांचे फोटो काढून न्या, आणि घरात कुणी वाचणारं उरलं नसेल तर 1927 साली सुरू झालेल्या प्राच्यविद्या मंदिरात विचारून बघा, हस्तलिखितं जपणं हे त्यांचं कामच आहे. शंभरीच्या आतल्या छापील पोथ्यांना अडचण नाही.

खाऊचं. युरोपात प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, चक्का, घरचं तूप, तिन्ही राहिले. कढीपत्ता, विड्याची पानं, तुळशीचं रोप वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाही. फळांत नारळ, केळं, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्याच फळांना सूट आहे, त्यामुळे गृहप्रवेशाचा नारळ खुशाल न्या. चिवडा, भाकरवडी, गोडा मसाला जातो. रोजची औषधं तीन महिन्यांपुरती, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. दागिने कंटेनरमध्ये कधीच नाही. अंगावर किंवा हातात न्या, आणि निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून त्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी येताना तेच दागिने नवे ठरत नाहीत.

राहिला सासूबाईंचा पोपट. हिरवा, गळ्यात लाल कंठी असलेला असेल, तर तो नेण्याचा प्रश्नच येत नाही, कारण देशी पोपट पाळणंच 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बेकायदा आहे. मुंबईला कुत्र्याच्या कागदांबरोबर त्याची चौकशी करायला जाऊ नका. वनखात्याशी किंवा पक्ष्यांवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेशी बोलून तो त्यांच्याकडे सोपवा. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी नुसता सोडून दिला तर त्याला खायला शोधता येत नाही, तेव्हा गच्चीवरून उडवून देऊ नका.